एक चूल, दोन पातेली

शास्त्रपाठ : रोमकरांस पत्र १४:१-२१, करिंथकरांस पहिले पत्र ११:१७-३४



नाताळ जवळ आला की दिल्लीची थंडी हाडांपर्यंत पोहोचू लागते. सकाळी उशिरापर्यंत धुके हटत नाही. भाजीच्या हातगाड्यांवर लालबुंद गाजरे, कोवळे मटार, पांढरेशुभ्र मुळे आणि मेथीच्या जुड्या यांचे ढीग लागतात. महाराष्ट्रातून नोकरीच्या निमित्ताने इकडे आलेली आपली ख्रिस्ती कुटुंबे नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद, गुरुग्राम अशी दूरदूर विखुरलेली आहेत. रविवारी ती जवळच्या हिंदी किंवा इंग्रजी उपासनेस जातात. परंतु नाताळात मन पुन्हा मराठी होते. करंज्यांचे सारण भाजले जाते, शंकरपाळे तळले जातात आणि कोणाच्या तरी घरी मराठी प्रार्थनेसाठी चार कुटुंबे एकत्र जमतात.

मागील वर्षी आगमनकाळात अशाच एका घरी जाण्याचा मला प्रसंग आला. पतिपत्नी दोघेही आपलीच. ते अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे आपण वर्षानुवर्षे ज्याला नगर जिल्हा म्हणत आलो तेथील, ती सांगलीकडची. लग्नाला दोन वर्षे झालेली. प्रार्थना झाली, चहा झाला आणि निघण्याच्या वेळी ते म्हणाले, “पाळकसाहेब, आपणच हिला दोन शब्द सांगा. ख्रिस्ती घरात जन्मली, ख्रिस्ती घरात आली, आणि ऐन नाताळाच्या दिवशी ही मटणाला शिवत नाही. यंदा आई गावाहून यायची आहे. तिच्यासमोर ही वरणभात घेऊन बसली तर आईला काय वाटेल?”

ती खाली मान घालून म्हणाली, “मी ह्यांना कधी अडवलेले नाही. मटण मीच शिजवते. मसालाही मीच वाटते. फक्त माझे जेवण सर्वांचे झाल्यावर, एवढेच माझे म्हणणे.”

पुढे बोलता बोलता कळले की, आदल्या नाताळात पाहुणे जेवून उठेपर्यंत ती पुऱ्या तळीत होती, आणि नंतर स्वयंपाकघरात उभ्यानेच तिने गार भात व लोणचे खाल्ले होते. आपल्या स्वतःच्या घरात, आपल्या तारणाऱ्याच्या जन्मदिवशी! आणि हे कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

खरे सांगावयाचे तर माझे उत्तर तयार होते. यापो येथे धाब्यावर प्रार्थना करणाऱ्या पेत्राला झालेला दृष्टांत, आकाशातून उतरलेली ती चादर, देवाने जे शुद्ध केले त्याला अशुद्ध म्हणू नये ही आज्ञा, हे सर्व माझ्या ओठांवर आले होते. परंतु बोलण्यापूर्वी मी तिला सहज विचारले, “मुली, तू हे कधीपासून सोडलेस?”

ती म्हणाली, “नऊ वर्षांची असताना. वडिलांनी नाताळासाठी एक बोकड आणले होते. पाच महिने त्याला पाला मीच घालीत होते. शाळेतून आले की ते माझ्या मागे मागे फिरे. नाताळाच्या आदल्या दिवशी ते दिसले नाही. दुसऱ्या दिवशी पानात वाढले तेव्हा समजले. तेव्हापासून घास उतरत नाही. धर्म म्हणून नव्हे, पाळकसाहेब. उतरतच नाही.”

पती तिच्याकडे पाहतच राहिले. दोन वर्षांत हे त्यांना माहीत नव्हते. कारण त्यांनी विचारले नव्हते आणि तिने सांगितले नव्हते. काही वेळाने तेही बोलू लागले. “माझ्या आजोबांच्या ताटात काय आहे, यावरून गावाने त्यांची पायरी ठरवली. विहीर वेगळी, वाट वेगळी. आम्ही शिकलो, इथवर आलो. या भागात घर शोधताना तीन घरमालकांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच : काय खाता? उत्तर दिले की घर दुसऱ्याला दिलेले असायचे. आणि आता माझ्याच घरात, माझ्याच ताटाकडे पाहून कोणी तोंड फिरवले की मला ते सगळे आठवते.”

बंधुभगिनींनो, मी माझे तयार उत्तर तसेच परत नेले. वाद एका पातेल्याचा आहे असे मी समजत होतो. प्रत्यक्षात त्या पातेल्यामागे दोन जखमा झाकलेल्या होत्या.

आता आपण रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायाकडे वळू. रोम येथील मंडळीत काही यहूदी होते, काही परराष्ट्रीय होते. क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोममधून घालवून दिल्याचा उल्लेख प्रेषितांची कृत्ये १८:२ येथे आहे, इ. स. ४९ च्या सुमारास हे घडले असे सामान्यतः मानतात. कैसराच्या मृत्यूनंतर, म्हणजे इ. स. ५४ नंतर, ते परतू लागले तेव्हा मंडळीची व्यवस्था परराष्ट्रीयांच्या हाती गेलेली होती. बाजारातील मांस मूर्तीला वाहिलेले आहे की नाही, ते नियमशास्त्राप्रमाणे कापलेले आहे की नाही, याची खात्री नसल्याने काहींनी मांसच सोडून फक्त भाजीपाला खाण्याचे ठरविले असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे एका मंडळीत, एका प्रीतिभोजनास, दोन प्रकारची पाने मांडली जाऊ लागली.

पौलाने निकाल काय दिला? तो स्वतः खाण्याच्या बाबतीत मोकळा होता. कोणतेही अन्न मूळचे अशुद्ध नाही अशी आपली खात्री असल्याचे तो चौदाव्या वचनात सांगतो. तरीही त्याने न खाणाऱ्यांना खाण्याची आज्ञा केली नाही. तिसऱ्या वचनात तो दोघांना दोन निरनिराळ्या आज्ञा देतो, आणि येथे आपण बारकाईने लक्ष दिले पाहिजे. खाणाऱ्याला तो सांगतो की, न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नकोस. न खाणाऱ्याला तो सांगतो की, खाणाऱ्याला दोषी ठरवू नकोस. प्रत्येकाचा मोह निराळा आहे, हे प्रेषिताला ठाऊक होते. खाणाऱ्याचा मोह हसण्याचा असतो : “गवत खाऊन नाताळ होतो का?” न खाणाऱ्याचा मोह नाक मुरडण्याचा असतो, तो बोलत नाही, परंतु त्याचा चेहरा बोलतो. हसणे आणि नाक मुरडणे, दोन्हींनी एकच गोष्ट घडते. ज्याच्यासाठी ख्रिस्त मरण पावला त्याला आपल्या अन्नामुळे आपण दुखवितो.

पवित्र शास्त्रात दोन्ही पाने आहेत, हेही आपण विसरू नये. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात (१:२९) देवाने मनुष्याला वनस्पती व फळे अन्न म्हणून दिली. जलप्रलयानंतर (९:३) प्राणीही दिले. दानीएल व त्याचे सोबती दहा दिवस शाकान्न व पाणी घेऊन राहिले. पुनरुत्थित प्रभूने तिबिर्याच्या समुद्राकाठी स्वतः निखारे पेटवून शिष्यांना मासळी व भाकर दिली. तेव्हा शाकाहारी मनुष्याने एदेन बागेचा अभिमान मिरवू नये आणि मांसाहारी मनुष्याने तिबिर्याच्या काठाचा आधार घेऊन दुसऱ्याला गप्प करू नये.

येथे एक प्रश्न उभा राहतो. पौल भाजीपाला खाणाऱ्याला विश्वासाने अशक्त म्हणतो. मग आपली ही बहीण अशक्त ठरते काय? कित्येकदा आपल्या घरांत या वचनाचा असा उपयोग केला जातो. परंतु पौलाच्या मनात जो अशक्त आहे तो खाल्ल्याने आपण देवापासून तुटू या भीतीने न खाणारा आहे. जिच्या मनात अशी भीती नाही, जिला फक्त एका मुक्या जिवाची आठवण आहे, तिला हे वचन लावणे योग्य नव्हे. शिवाय पौल बळकट कोणाला म्हणतो ते पाहा. करिंथकरांस पहिले पत्र ८:१३ मध्ये तो म्हणतो की, अन्नामुळे माझा भाऊ अडखळत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. जो खाऊ शकतो व सोडूही शकतो, तो बळकट. ज्याला सोडताच येत नाही, त्याने आपल्या स्वातंत्र्याचा गर्व काय करावा? हीच कसोटी न खाणाऱ्यालाही लागते. ज्याला दुसऱ्याच्या ताटाशेजारी शांतपणे बसता येत नाही, त्याचे व्रत त्याला बळ देत आहे की त्याच्यावर सत्ता चालवीत आहे, हे त्याने स्वतःला विचारावे.

हे सर्व आपल्या पूर्वजांच्या जीवनात घडून गेलेले आहे. रेव्ह. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस झाला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली. मधली वर्षे आठवा. लक्ष्मीबाई ज्या घरात वाढल्या तेथे वडिलांचे सोवळे इतके कडक होते की, बाजारातून आणलेले जिन्नसही धुऊन घेतले जात. अशी ती माउली ताटातुटीचे दुःख सोसून पुन्हा पतीजवळ राहावयास आली, तेव्हा दोघांचा धर्म वेगळा होता आणि स्वयंपाकही वेगळा होता. टिळकांचा स्वभाव तापट. परंतु या एका बाबतीत त्यांनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. तिने आपले सोवळेओवळे, स्पर्शास्पर्श, सोडले ते पुष्कळ विचार करून, आपल्या मनाने. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना ठसते ते हेच की, ज्या घरात वेगळी चूल सहन केली गेली त्याच घरात पुढे एक चूल पेटली. कोणी ती वेगळी चूल लाथाडली असती तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. बाप्तिस्म्यानंतरही त्यांनी शाकाहार सोडला नाही. ज्या भगिनींच्या आश्रयास त्या होत्या त्यांच्यापैकी काहींना यात जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसला, आणि त्याविषयी त्यांना बोलही ऐकावे लागले. परंतु रमाबाईंना ख्रिस्त हवा होता. त्यासाठी इंग्रजी ताट घेतलेच पाहिजे असे त्यांना पटले नाही. आणि त्याच रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा तेथे येणाऱ्या विधवा विद्यार्थिनींना आपापले खाण्यापिण्याचे नियम पाळण्याची मोकळीक ठेवली. जो नियम त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेला आता आवश्यक नव्हता, त्यालाही त्यांनी आपल्या छताखाली जागा दिली. बळकट माणूस असा असतो.

तिसरे उदाहरण या दिल्ली शहरातील आहे. १९१५ च्या एप्रिल महिन्यात महात्मा गांधी प्रथमच दिल्लीस आले आणि काश्मिरी दरवाजाजवळ प्राचार्य सुशीलकुमार रुद्र यांच्या घरी उतरले. रुद्र हे बंगाली ख्रिस्ती गृहस्थ, सेंट स्टीफन्स महाविद्यालयाचे पहिले भारतीय प्राचार्य. गांधीजी हरिद्वारच्या कुंभमेळ्यावरून आले होते आणि तेथे त्यांनी नुकतेच एक व्रत घेतले होते : दिवसभरात पाचांहून अधिक पदार्थ घ्यावयाचे नाहीत आणि अंधार पडल्यावर काही खावयाचे नाही. हे व्रत घेण्याचे कारण त्यांनी आपल्या आत्मकथेत दिले आहे. कलकत्ता व रंगून येथील यजमानांनी त्यांच्या फलाहारासाठी नाना पदार्थ जमविले. घरची मंडळी त्यात राबली. ते पाहून आपल्या आहारामुळे दुसऱ्याला किती त्रास पडतो याची त्यांना टोचणी लागली. आपण त्यांच्या मताचे असो वा नसो, येथे शिकण्यासारखे काही आहे. यजमानाने पाहुण्याच्या ताटाची काळजी करावी. आणि पाहुण्याने यजमानाच्या श्रमांची. ज्याचा आहार निराळा आहे, त्याच्यावरही प्रीतीचे ऋण आहेच.

आता करिंथ येथे जे घडत होते ते पाहू. तेथील मंडळी प्रभुभोजनास एकत्र येई, पण कोणी आधीच जेवून तृप्त होई, कोणी उपाशी राही. पौल फार कठोर शब्दांत त्यांना विचारतो की, तुम्ही देवाच्या मंडळीचा धिक्कार करता काय? आणि शेवटी तेहतिसाव्या वचनात त्याचा उपाय किती साधा आहे! एकत्र जेवावयास जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. कोणी काय खावे, याविषयी तेथे एक अक्षर नाही. पानात काय आहे यापेक्षा पानावर कोण एकत्र बसले आहे, याची प्रेषिताला चिंता आहे. अंत्युखियात पेत्राची चूकही हीच होती. तो परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. काही लोक येताच पंगतीतून बाजूला झाला. पौलाने त्याला तोंडावर विरोध केला तो अन्नासाठी नव्हे, उठून जाण्यासाठी.

त्या पतिपत्नींकडे मी आठवड्याने पुन्हा गेलो, तेव्हा दोघांनी मिळून नाताळाच्या जेवणाचा बेत कागदावर लिहून ठेवला होता. तो आपल्यालाही उपयोगी पडावा म्हणून सांगतो.

प्रथम त्यांनी दोघांनाही चालणारे पदार्थ लिहिले. मटारभात, भरली वांगी, मेथीची भाजी, काकडीची कोशिंबीर, पुऱ्या, गाजराचा हलवा. लिहिता लिहिता त्यांच्या लक्षात आले की ताटाचा मोठा भाग तर एकच आहे. आपण वर्षभर भांडत होतो ते एका वाटीसाठी. मग त्या वाटीत त्यांच्यासाठी मटणाचा रस्सा आणि तिच्यासाठी त्याच तोलामोलाचा, काजू व मटारांचा रस्सा. ‘तू लोणच्याशी खा’ हा शब्द त्या घरातून गेला.

नंतर कामाची वाटणी झाली. मटण पतीने स्वतः शिजवावयाचे. जिच्या गळ्यातून घास उतरत नाही तिच्या हातून ते चिरून, धुऊन, शिजवून घेणे, हे आजवर कोणाला खटकले नव्हते! तिने आपल्याकडून असे ठरविले की, आता सर्वांबरोबर पंगतीला बसावयाचे, पतीच्या शेजारी. आणि त्यांच्या ताटाकडे पाहून तोंड फिरवावयाचे नाही. हे तिला सोपे नव्हते. परंतु ज्या ताटापायी त्यांच्या आजोबांचा अपमान झाला, त्या ताटाशेजारी बसणे ही तिची प्रीती होती.

राहिल्या लहान गोष्टी. पण संसार लहान गोष्टींनीच मोडतो. पुऱ्या आधी तळावयाच्या, मासे तळणे असेल तर त्यानंतर. एकदा मासे तळलेल्या तेलात पुन्हा पुरी सोडावयाची नाही. प्रत्येक पातेल्याची पळी निराळी. केकमध्ये अंडे चालते की नाही हे गृहीत न धरता विचारावयाचे. दोन्ही पातेली एकाच वेळी मेजावर आणावयाची. एक आधी आणि एक उरलेसुरले म्हणून नंतर, असे नाही. ज्या घरी पतीला मधुमेह आहे व पत्नीला नाही, किंवा पत्नीला मीठ वर्ज्य आहे व पतीला नाही, तेथेही हाच नियम लागू पडतो. आजारी माणसाचे पथ्याचे ताट सर्वांबरोबर मेजावर यावे.

नाताळाच्या दिवशी मी तेथे काही वेळ होतो. गावाहून आलेल्या त्या वृद्ध मातेची मला थोडी धास्ती होती. ती स्वयंपाकघरात गेली, दोन पातेली पाहिली, आणि वाढण्यासाठी हात पुढे करण्यापूर्वी सुनेला म्हणाली, “तुझी पळी कोणती गं?” बस्स, एवढेच. मुलाला जे समजावयाला दोन वर्षे लागली ते तिला एका क्षणात समजले. मला त्या दिवशी व्यासपीठावरून जे सांगावयाचे होते ते तिने त्या चार शब्दांत सांगून टाकले.

बंधुभगिनींनो, मला येथे एक सावधगिरीचा शब्दही सांगावासा वाटतो. त्याग सदैव एकानेच करावयाचा असेल तर ती प्रीती नव्हे. आपल्या घरांतून बहुधा स्त्रियाच मुकाट्याने सोडतात, आणि आपण त्याला ख्रिस्ती नम्रता असे गोड नाव देतो. ती बहीण दोन वर्षे तक्रार न करता मटण शिजवीत होती, म्हणून ते घर शांत होते; पण ती शांती नव्हती. देवाचे राज्य खाणेपिणे नव्हे, असे सतरावे वचन सांगते, आणि लगेच नीतिमत्त्व, शांती व आनंद यांची नावे घेते. जेथे एक जण स्वयंपाकघरात उभ्याने जेवत आहे, तेथे या तिन्हींपैकी काय आहे?

ज्या प्रभूचा जन्मदिवस आपण साजरा करतो त्याने स्वर्गाचे वैभव सोडले व गोठ्यात, गव्हाणीत, म्हणजे जनावरांच्या चाऱ्याच्या जागी, आपले पहिले अंथरूण घेतले. त्याला सोडता येत होते, म्हणून तो आपल्या मेजापर्यंत येऊ शकला. या नाताळात बेत ठरविण्यापूर्वी पतीने पत्नीला आणि पत्नीने पतीला एकच प्रश्न विचारावा : तुझ्या न खाण्यामागे, किंवा तुझ्या खाण्यामागे, मला न सांगितलेले काही आहे का? उत्तर येईपर्यंत थांबावे. मग चूल पेटवावी.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू जकातदारांच्या व परूश्यांच्या, दोघांच्याही पंगतीला बसलास. आमच्या घरच्या मेजावर ये. जो खातो त्याला तुच्छतेपासून राख, जो खात नाही त्याला न्यायनिवाड्यापासून राख. आमच्यातील जे कोणी स्वयंपाकघरात एकटे जेवत आहेत ते आम्हांला दाखव, आणि त्यांच्यासाठी थांबावयास आम्हांला शिकव. आमेन.